दोन जिवांची

(शताब्दी व्याख्यानमालेत हळर्ण येथे दिलेले भाषण)



मराठी शिकवणाऱ्या माणसाने मुलांच्या लठ्ठपणावर बोलावे, हे आपणांस विचित्र वाटेल. मी या विषयाकडे आलो तो शब्दांच्या वाटेने. गर्भवतीला आपण 'दोन जिवांची' म्हणतो. आयुर्वेदाने तिला 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, म्हटले. आपले 'डोहाळे' त्याच कुळातले मानले जातात. पुढे मूल अंगाने भरू लागले की 'बाळसे धरले' म्हणायचे. ज्या मुलखात पोटभर पेजेचीही वाण होती, तिथे गुटगुटीत मूल हे सुखाचे चिन्ह ठरावे, यात नवल नाही.

आज शाळेच्या पटांगणात चार पावले धावून धापा टाकणारी मुले दिसतात. लोक म्हणतात, आईने लाडावले. आई बिस्किटांच्या पुड्याकडे आणि मोबाईलकडे बोट दाखवते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन अवघे 42 किलोंच्या घरात होते. शेतातली कामे चालूच. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोंची; इंग्लंडमधील साउदम्प्टनची 3.5 किलोंची. इथवर नवे काही नाही. पण बाळांची मापे बारकाईने घेतली, तेव्हा आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील इंद्रिये लहान, त्वचेखालची चरबी मात्र फारशी कमी नाही, असे आढळले. दिसायला किडकिडीत, आतून मेदाळ! 2003 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी याज्ञिकांनी आपले आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, शरीरातील चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. विद्वानाने स्वतःलाच उदाहरण करावे, हे मला फार आवडले.

गर्भ उपाशी राहिला की शरीर काटकसर शिकते, असे या शास्त्रातील जाणकार मानतात. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला होता. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात ज्यांच्या आया उपाशी होत्या, ते मुलगे लष्करी तपासणीच्या वेळी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इतरांपेक्षा अधिक प्रमाणात लठ्ठ निघाले.

इथे मला माझे घर आठवते. आई सर्वांच्या शेवटी जेवायची. नुस्त्याच्या फोडी संपलेल्या असत. कुंडल्याच्या तळाशी उरलेल्या हुमणात ती भात कालवी. धाकट्या बहिणीच्या वेळी ती दिवस भरेपर्यंत शेतात राबली. बहीण जन्मली ती एवढीशी. मग घरादाराने तिला भरवण्याचा चंग बांधला. तिसऱ्या वर्षी ती इतकी गुबगुबीत झाली की आजी रोज दृष्ट काढी. चाळिशीत तिला मधुमेह झाला. एका उदाहरणावरून सिद्धान्त निघत नाही, हे मी जाणतो. तरीही लहान जन्मलेले मूल घाईघाईने लठ्ठ करणे किती महाग पडते, हे वाचताना मला तिचाच चेहरा दिसत होता.

पुण्याच्या अभ्यासात ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध अधिक घेत, त्यांची बाळे अधिक भरीव होती. पावसाळ्यात आपल्या परसात, डोंगरात तायकिळा आणि अळू फुकट उगवते. गर्भिणीच्या ताटात ते किती पडते, हे ज्याने त्याने घरी पाहावे. ब-12 या जीवनसत्त्वाचाही तिथे मोठा तुटवडा आढळला. ते वनस्पतीत मिळत नाही, मासळीत मिळते. आपण मासळी खाणारे खरे. पण फोड सुनेच्या वाट्याला यायला हवी ना!

'दोन जिवांची आहेस, दुप्पट खा' हा उपदेशही धोक्याचा. गर्भवतीच्या रक्तात साखर वाढली तर ती वारेतून बाळाकडे जाते. बाळाचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन बनवते आणि साखरेची चरबी होते. म्हणून गर्भारपणातील साखरेची तपासणी कधीच टाळू नये. बापानेही हात झटकण्याचे कारण नाही. आईवडिलांपैकी एकजण जरी लठ्ठ असला, तर दहा वर्षांखालील मुलाचा मोठेपणी लठ्ठ होण्याचा धोका दुपटीहून अधिक असतो, असे 1997 मध्ये अमेरिकेत दिसून आले. त्यात रक्ताचा वाटा असतो, तसा स्वयंपाकघराचाही.

त्या सहा खेड्यांतील बाळे वाढली. 2012 मध्ये, ती ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर असताना, पुढची पिढी जन्मण्यापूर्वीच त्यांना ब-12 देण्याचा प्रयोग सुरू झाला. गोळ्या मुलींबरोबर मुलग्यांनाही होत्या. आपल्याकडे पथ्य सांगतात ते एकट्या बाईला. त्यामुळे मला याचेच अधिक अप्रूप वाटले.