एका ‘सेट’ची बैठक

आमच्या शेजारी काल स्लॅब पडला. पडला म्हणजे टाकला. भाषेवरच्या व्याख्यानात हे सांगितलेलं बरं! मुकादम बजावत होता, “आधी सेट होऊ द्या, मग पाणी मारा.” संध्याकाळी जिन्यात एक काकू भेटल्या. म्हणाल्या, “मुलगा पुण्यात सेट झाला हो.” स्लॅबला आणि मुलाला एकच शब्द. मला वाटतं, काकूंचा प्रयोग जास्त अचूक आहे.

१९२८ साली पुरा झालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ची होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही मान त्याचाच. एकट्या क्रियापदाचे 430 च्या आसपास अर्थ. पुढे ‘मेक’, ‘पुट’ आणि २०११ मध्ये ‘रन’ त्याच्या पुढे गेले. ‘रन’च्या क्रियापदाचे तर 645 अर्थ भरले, आणि ते लावण्यात पीटर गिलिव्हर या संपादकाचे नऊ महिने गेले. पण ‘सेट’ची नोंद तेव्हा नव्यानं तपासलेलीच नव्हती. पैलवान आखाड्यात उतरण्याआधीच निकाल लावल्यासारखं झालं हे.

एवढे अर्थ आले कुठून? ‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप. बसणे, बसवणे, एवढंच. ‘सिट’चं मूळ आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू एकाच घरातले. सदन, परिषद, संसद ही त्याची इकडची भावंडं. गंमत अशी, की आपलं ‘बसणे’ त्या घरातलं नाही. ते ‘उपविश्’वरून ‘बैसणे’ होत आलं. नातं नसताना वागणूक मात्र जुळते. हाडवैद्य हाड बसवतो, सोनार खडा बसवतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘सेट’.

इथपर्यंत सोपं. पण घड्याळाचा गजर आपण लावतो, सापळा लावतो, आग लावतो. जेवणाची पानं मांडतो. छापखान्यात खिळे जुळवत होतो. दही लागतं आणि सूर्य मावळतो. इंग्रजी माणूस या सगळ्यांना ‘सेट’ म्हणून मोकळा होतो. १८४७ साली मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला. ‘सेट’पाशी त्यांच्या शास्त्र्यांनी किती वेळा कपाळाला हात लावला असेल! कारण इंग्रजीत अर्थ शेजारच्या शब्दावर टेकतो, आपण क्रियापदच बदलतो.

चहाच्या सेटची गोष्ट निराळी. समूह या अर्थाचा ‘सेट’ मुख्यतः फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’पासून आला. ‘सेक्टा’ म्हणजे अनुयायी, पंथ. म्हणजे कपबशा आणि गणितातले संच एका पंथाचे! पुढे हे दोन ‘सेट’ इंग्रजीत असे मिसळले, की सांधा शोधावा लागतो.

आणि इंग्रजांना ठाऊक नसलेला एक अर्थ आपण घडवलाय. “काळजी नको, साहेबांशी सेटिंग आहे.” इंग्रजीत ‘सेटिंग’ म्हणजे कोंदण, कथेचं स्थळ, फार तर यंत्राची जुळणी. आपल्याकडे ते टेबलाखालून लागतं. क्रियापद पाहा: सेटिंग बसवत नाहीत, लावतात, सापळ्यासारखं.