एकाच लॉटचे ग्राहक



येवल्यात, तात्या टोपे यांच्या जन्मगावी आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली त्या भूमीत आपलं मनापासून स्वागत करतो. पैठणी विकणाऱ्या माणसाला ग्राहक परिषदेचा स्वागताध्यक्ष केलंत. यात संयोजकांचा मोठेपणा किती आणि माझ्या वर्गणीचा वाटा किती, ते कृपया विचारू नका.

सामूहिक दाव्यांनी सामान्य ग्राहकाचं खरंच भलं होतं का, हा आजचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो. होतं, पण ज्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं असतं त्याचंच.

खुब्याच्या कृत्रिम सांध्याचं प्रकरण आठवा. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीने एएसआर नावाचा सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये माहीम पोलिसांत गुन्हा नोंदवला. अमेरिकेत २०१३ मध्ये सुमारे आठ हजार रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरच्या आसपास तडजोड झाली. वकील मंडळी मला लगेच सुधारतील, तर आधीच सांगतो: ते प्रकरण काटेकोर अर्थाने क्लास अॅक्शन, म्हणजे सगळ्यांच्या वतीने लढलेला एकच दावा, नव्हतं; हजारो वेगवेगळ्या दाव्यांची ती एकत्र तडजोड होती. आपल्याकडे भरपाईचं सूत्र ठरेपर्यंत २०१८ साल संपत आलं. देशात अशा चार हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या होत्या, पण त्यातल्या बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागेना. शरीरात सांधा बसला, पण माणसाची नोंद कुठेच नाही. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कंपनीने ६७ जणांना प्रत्येकी २५ लाख द्यायची तयारी दाखवली. अशा वेळी दावा एकत्र लढवायचा म्हटलं, तरी एकत्र आणायचं कोणाला?

मॅगी नूडल्सचंही तसंच. २०१५ मध्ये खुद्द केंद्र सरकारने तमाम ग्राहकांच्या वतीने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे ६४० कोटींचा दावा केला, तो २०२४ मध्ये फेटाळला गेला. समजा सरकार जिंकलं असतं, तरी त्या पाकिटाचं बिल जपून ठेवलेली एखादी माउली या मंडपात आहे का?

कायद्यात वाट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ नुसार एक-दोघांनाही आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने तक्रार करता येते. अट एकच, सर्वांचं हित सारखं हवं. बेंगळुरूच्या ब्रिगेड प्रकल्पातले काही फ्लॅटधारक सगळ्यांच्या वतीने तक्रार घेऊन गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावलं की हे सारखेपण तक्रारीतच दाखवावं लागेल. ते जमत नसेल, तर आपापल्यापुरती एकत्र तक्रार करा. शिवाय आपल्या वकिलांना निकालाच्या रकमेत टक्का घ्यायला मनाई आहे. नियम योग्यच आहे, पण हजार जणांच्या दाव्याचा खर्च आधी कोण उचलणार, हा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी संघटनाच लागते.

आमच्या धंद्यात हातमाग म्हणून यंत्रमागाची पैठणी गळ्यात मारणारे आहेत, हे मी या व्यासपीठावरून कबूल करतो. पदर उलटा करून पाहा, हे मी गिऱ्हाइकाला सांगतो. पण तेच गिऱ्हाईक बिलाशिवाय पाच टक्के कमी करा म्हणून अडून बसतं! शिवाय शंभर दुकानांतल्या शंभर साड्यांमध्ये सारखं हित दाखवणार कसं?

कांद्याच्या बियाण्याचं मात्र तसं नाही. पिशवीच्या टॅगवर लॉट नंबर असतो. एकाच लॉटचं बी अंदरसूलच्या आणि नगरसूलच्या शेतात सारखंच फसलं, तर सारखेपणाचा पुरावा त्या टॅगवरच छापलेला असतो. शेतकरी हाही ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. अडचण एवढीच की शेतात डेंगळे, म्हणजे अवेळी आलेले फुलांचे दांडे, दिसेपर्यंत काही महिने जातात आणि तोवर पिशवी चुलीत गेलेली असते.

म्हणून मंडपाच्या डाव्या हाताला आम्ही एक टेबल मांडलं आहे. ज्यांचं बी यंदा फसलं, त्यांनी बिल, टॅग आणि तालुक्याच्या बियाणे तक्रार समितीचा पंचनामा घेऊन तिथे नाव, गट नंबर आणि लॉट नंबर लिहावा. चार वाजेपर्यंत एकाच लॉटची किती नावं जमतात ते पाहू. मग अर्ज कसा करायचा, हे वकील मंडळी शेवटच्या सत्रात सांगतील. जेवण एक वाजता आहे. आता उद्घाटकांना विनंती करतो.