उकलतां येणारें घर

घर बांधल्याची वार्ता आपण नेहमींच ऐकतों. घर उकलल्याची वार्ता मात्र क्वचितच कानीं पडते. इंग्लंडच्या केंट परगण्यांत, चिडिंगस्टन गांवाजवळ, ‘बे-लीफ’ नांवाचें एका सुखवस्तु शेतकऱ्याचें लांकडी घर होतें. त्याचा मूळ भाग पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. बो बीच येथें व्हावयाच्या जलाशयामुळें त्याच्यावर गंडांतर आलें. तेव्हां १९६८-६९ सालीं जाणत्या लोकांनीं त्याचा एकेक सांधा सोडविला, आणि पुढें ससेक्समधील सिंगल्टन येथील खुल्या संग्रहालयांत तें पुन्हां उभें केलें. पांचशें वर्षांचें घर असें सुखरूप उकललें कसें? याचें उत्तर त्याच्या बांधणींत आहे.

या घराचा भार भिंतींवर नाहीं. तो ओकच्या चौकटीवर आहे. खांब, तुळया आणि कोंपऱ्यांतील तिरपे टेकू मिळून सांगाडा होतो. भिंती केवळ मधल्या जागा भरून काढतात, आणि त्यांची रीत आपल्याही ओळखीची आहे: उभ्या काठ्यांत फोकांची वीण घालून वर माती, शेण व पेंढा यांचा गिलावा दिलेला कूड! कूड ढांसळला तरी घर उभें राहतें.

ओक वाळला कीं फार कठीण होतो, म्हणून तो ओला असतांनाच घडवीत. एका लांकडाचें कुसूं दुसऱ्याच्या खाचेंत बसवून त्यांतून ओकचीच खुंटी ठोकीत. दोहोंतील भोकें मुद्दाम किंचित् चुकवून पाडीत. त्यामुळें खुंटी आंत शिरतांना सांधा घट्ट आवळला जाई. त्या काळचे सुतार सारी चौकट आधीं जमिनीवर जुळवून पाहत, सांध्यांवर रोमन आंकड्यांसारख्या खुणा कोरीत, आणि मग ती सोडून घराच्या जागीं नेऊन उभारीत. म्हणजे असें घर उभें राहण्यापूर्वींच एकदां उकललेलें असे!

आंत शिरलें कीं मधोमध थेट छपरापर्यंत मोकळें दालन लागतें. जमिनीवर उघडा अग्नि, धुराडें नाहीं. धूर वर चढून वाशांवर काजळी धरी, आणि अशा घरांतील तीच काजळी आज अभ्यासकांना त्या अग्नीची साक्ष देते. खिडक्यांना कांच नाहीं. लांकडी गज आणि झडपा एवढेंच. दालनाच्या एका अंगास कोठारें, दुसऱ्या अंगास घरधन्याच्या खोल्या. या खोल्यांचा भाग सोळाव्या शतकाच्या आरंभीं बांधला गेला. दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढें आलेले, मधलें दालन मागें, आणि सर्वांवर एकच छप्पर. या घाटाला त्या प्रदेशावरून ‘वील्डन’ म्हणतात.

पण पुन्हां उभारणी करतांना एक प्रश्न आला: कोणत्या काळचें घर उभें करावयाचें? संग्रहालयानें १५४० च्या सुमाराचें रूप निवडलें आणि पुढच्या पिढ्यांनीं केलेले फेरफार वगळले. घर वांचलें, मूळची जागा आणि मागाहूनच्या संसारांच्या खुणा मात्र त्याच्यापासून तुटल्या. हा तोटा लहान नव्हे. तथापि सांधे सोडतांना त्या अनामिक सुताराचें कसब जसें कळलें, तसें एरवीं कधींच कळलें नसतें. जुनें घर पाडावयास बळ पुरतें. तें उकलावयास बांधणाराचें मन जाणावें लागतें.