ऑनलाइन दुकानातील कराचा हिशेब : चूक कोठे शोधावी?



पेढीवर बसून मुनीमजी हाताने बीजक लिहीत असत, त्या काळी कराच्या आकारणीत चूक झालीच तर ती बहुधा एका बीजकापुरती राहत असे. संध्याकाळी वही मिटवताना ती ध्यानातही येई. मुंबई विक्रीकर अधिनियम, १९५९ चा काळ सरला, १ एप्रिल २००५ पासून राज्यात मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. आज सोलापूरची चादर संकेतस्थळावरून गुवाहाटीला विकली जाते आणि तिचे बीजक संगणक तयार करतो. संगणक थकत नाही हे खरे. परंतु त्याला एकदा चुकीचे सांगितले की तीच चूक तो शेकडो बीजकांवर तितक्याच निष्ठेने करीत राहतो.

या चुकीचा भार अखेर दुकानदारावर पडतो. कर कमी आकारला गेला तर फरक त्याच्या खिशातून जातो. अधिक आकारला गेला तर तो नफा म्हणून ठेवून घेता येत नाही. कर म्हणून गोळा केलेली रक्कम शासनाकडे भरावीच लागते, आणि ग्राहक नाराज होतो तो वेगळाच.

सोलापुरातील चादरी, टॉवेल आणि त्याच कापडाची जाकिटे विकणारे एखादे छोटे दुकान उदाहरणादाखल घ्यावे. एका चादरीची किंमत करासह १,०५० रुपये लावलेली आहे. पाच टक्के दराने तिची मूळ किंमत १,००० रुपये व कर ५० रुपये होतो. बीजकावर एकूण १,१०२ रुपये ५० पैसे दिसू लागले, तर दिलेल्या किमतीत कर समाविष्ट आहे हे प्रणालीला सांगायचे राहून गेले, असे समजावे. एकूण रक्कम १,०५० च आहे, पण कर ५२ रुपये ५० पैसे दाखवला आहे, असे असेल तर करासहित किमतीवरच पाच टक्के काढले गेले आहेत. एकाच बीजकावर तोच कर दोनदा आकारलेला दिसला, तर कर मोजणारे दोन जोडप्रोग्राम एकाच वेळी चालू राहिलेले असू शकतात. आकड्याकडे नीट पाहिले तर चूक कोठे आहे ते पुष्कळदा आकडाच सांगतो.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. माल राज्यातच राहिला तर कराचे केंद्रीय व राज्य असे दोन समान भाग पडतात. राज्याबाहेर गेला तर एकात्मिक कर लागतो. सोलापूरहून विजयपूर फार दूर नाही, पण तेथे राज्य बदलते. ग्राहकाला राज्याचे नाव स्वतः टंकलिखित करू दिले, तर कोणी ‘महाराष्ट्र’ लिहितो, कोणी ‘एमएच’, आणि प्रणाली दुसऱ्याला परराज्यातला ठरवते. म्हणून राज्य यादीतूनच निवडायला लावावे आणि त्याला सांकेतिक क्रमांक जोडलेला असावा. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०, कर्नाटकाचा २९. पिनकोडवरून राज्य ओळखण्याची युक्ती सर्वत्र चालत नाही. गुजरातमधील वलसाड आणि त्याला लागून असलेले केंद्रशासित दमण या दोहोंचे पिनकोड ३९६ नेच सुरू होतात.

पुण्यातील मामांनी विजयपूरच्या भाचीला चादर भेट पाठवली तर काय? मामा नोंदणीकृत व्यापारी नसतील तर माल जेथे पोहोचवायचा तो पत्ता धरावा. याबाबतची तरतूद १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली आणि २६ जून २०२४ च्या परिपत्रकाने ती स्पष्ट झाली. मात्र काही वेळा प्रणालीत पैसे देणाऱ्याचा पत्ता धरण्याची निवड केलेली असते. ती निवड बदलावी लागते. खरेदीदार नोंदणीकृत असेल आणि माल तिसऱ्याकडे पाठवायला सांगत असेल, तर त्या खरेदीदाराच्या व्यवसायाचे ठिकाण धरले जाते.

खरी गुंतागुंत जाकिटाची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या एका नगाची विक्रीकिंमत अडीच हजार रुपयांपर्यंत असल्यास पाच टक्के व त्याहून अधिक असल्यास अठरा टक्के कर आहे. ही किंमत कर वगळून पाहायची असते. करासह २,६०० रुपयांच्या जाकिटावर प्रणालीने २,६०० हाच आकडा मर्यादेशी ताडून अठरा टक्के लावले, तर ती चूक होय. कारण पाच टक्क्यांनी मूळ किंमत २,४७६ रुपये १९ पैसे येते. आता किंमत २,८०० ठेवून पाहावी. पाच टक्के धरले तर मूळ किंमत २,६६६ च्या वर जाते, म्हणजे अठरा टक्के हवेत. अठरा धरले तर ती २,३७३ च्या आत येते, म्हणजे पाच हवेत! करासह २,६२५ च्या पुढे आणि २,९५० पर्यंतच्या प्रत्येक किमतीचे असेच होते. येथे बिचाऱ्या संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही. दुकानदाराने कर वगळूनची किंमत आधी ठरवावी व करासहची तिच्यावरून काढू द्यावी. मग हा पेच उरत नाही.

सूटही याच मर्यादेशी जोडलेली आहे. मूळ २,७०० रुपयांच्या जाकिटावर विक्रीच्या वेळीच दहा टक्के सूट देऊन ती बीजकावर दाखवली, तर किंमत २,४३० होते आणि पाच टक्केच लागतात. प्रणाली सुटीपूर्वीची किंमत पाहत असेल तर ती अठरा लावून बसेल. बँकेने स्वतःच्या खर्चाने ग्राहकाला दिलेली सवलत मात्र वजा होत नाही, कारण दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळालेली असते. टपालखर्च मालाबरोबर आकारला तर त्याला मालाचाच दर लागतो, सरसकट अठरा टक्के नव्हे.

एखाद्या पैशाच्या फरकाने घाबरून जाऊ नये. ४९९ रुपयांवरील पाच टक्के २४ रुपये ९५ पैसे होतात. पण अडीच-अडीच टक्के स्वतंत्रपणे पूर्णांकित केले की बेरीज २४ रुपये ९६ पैसे भरते.

तपासणीसाठी एक साधा क्रम उपयोगी पडतो. प्रथम एकच चादर, राज्यातला पत्ता, सूट नाही, टपालखर्च नाही, असे बीजक काढून ते हाताने मोजलेल्या आकड्यांशी ताडावे. जुळल्यावर फक्त पत्ता बदलावा, मग फक्त सूट द्यावी, मग टपालखर्च जोडावा. ज्या पायरीवर आकडा फिरेल तेथेच थांबावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणाचा हे कळत नाही. दर बदलल्याची अधिसूचना निघेल त्या दिवशी हाच क्रम पुन्हा करावा.

जी बीजके आधीच चुकीची गेली, त्यांनाही मार्ग आहे. राज्यांतर्गत समजून भरलेला कर आंतरराज्य ठरला, तर योग्य कर भरून आधीच्या कराचा परतावा मागता येतो आणि नव्याने भरलेल्या करावर व्याज लागत नाही. ग्राहकाकडून अधिक घेतले असेल तर त्याच्या नावे जमा चिठ्ठी काढावी. आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असल्यास तोपर्यंतच ती विवरणपत्रात दाखवता येते.