रुग्णाच्या खाटेपाशी अभ्यास



वैद्यकीय विद्यार्थ्याने वॉर्डातले काम सांभाळून परीक्षेचा अभ्यास कसा करावा, हा विषय ह्या व्यासपीठापेक्षा एखाद्या वसतिगृहातच अधिक शोभेल, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. परंतु आज जो विद्यार्थी आहे, तोच चार-पाच वर्षांनी आपल्यापैकी कोणाच्या तरी छातीला स्टेथॉस्कोप लावणार आहे. त्याने कशावर भर देऊन अभ्यास केला होता, हे त्या दिवशी आपल्याला कळेल, आणि तोपर्यंत उशीर झालेला असेल. तेव्हा हा प्रश्न जितका त्याचा, तितकाच आपला सर्वांचाही आहे.

प्रथम परिस्थिती काय आहे ती पाहू. एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, आणि त्यापुढे एक वर्षाची इंटर्नशिप. दुसऱ्या टप्प्यापासून विद्यार्थी रोज सकाळी सुमारे तीन तास वॉर्डात किंवा बाह्यरुग्ण विभागात जातो. काही आठवडे मेडिसिन, काही आठवडे सर्जरी, मग प्रसूती, बालरोग, डोळे, कान-नाक-घसा, अशी ही फिरती असते. तिला पोस्टिंग म्हणतात. दुपारी वर्गातली व्याख्याने, संध्याकाळी थकवा, आणि जेवणानंतर पुस्तक. ह्या सर्वांच्या शेवटी विद्यापीठाची परीक्षा उभी असते, आणि तिच्याही पलीकडे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. ही प्रवेशपरीक्षा ‘नीट-पीजी’ ह्या नावाने सगळ्या देशासाठी घेतली जाते. प्रश्न २००, वेळ साडेतीन तास, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटाहून जेमतेम तीन सेकंद अधिक. उत्तर बरोबर आले तर चार गुण, चुकले तर एक गुण वजा. अर्ज करणारे फार आणि मनासारख्या जागा थोड्या.

ह्याचा परिणाम काय झाला आहे, ते कोणत्याही मोठ्या रुग्णालयात दिसते. जे वर्ष हाताने काम शिकण्यासाठी ठेवलेले आहे, त्याच वर्षी अनेक मुले वॉर्डातून लवकरात लवकर निसटून वाचनालय गाठतात. टाके घालणे, सलाईन लावणे, बाळंतपण करणे, नातेवाइकांना वाईट बातमी सांगणे ह्या गोष्टी प्रश्नपत्रिकेत येत नाहीत, म्हणून त्या मागे पडतात. ह्यासाठी मुलांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या दाराला आपण प्रवेशद्वार म्हटले, त्याच दाराशी ती उभी आहेत.

आता मुळात विद्यार्थ्याला वॉर्डात नेण्याची प्रथा का पडली, तेही पाहण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील लायडन येथे बोअरहाव्ह हे प्राध्यापक आपल्या शिष्यांना बारा खाटांच्या एका लहानशा वॉर्डात नेत. सहा खाटा पुरुषांच्या, सहा स्त्रियांच्या. एवढ्या बारा खाटांवरून युरोपभर वैद्य तयार झाले. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, ते जमशेटजी जिजीभाईंच्या रुग्णालयाला जोडूनच. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे विल्यम ऑस्लर ह्यांनी विद्यार्थ्याला नुसते बघ्या म्हणून उभे न करता वॉर्डाच्या कामात भाग दिला. त्याने रुग्णाची हकीगत लिहावी, तपासावे आणि रोज पाठपुरावा करावा. विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवले, एवढेच आपल्या थडग्यावर लिहावे असे ऑस्लर म्हणत.

असे असताना परीक्षा वॉर्डाबाहेर का गेली? तिच्यामागे काही दुष्ट हेतू नव्हता, हे ध्यानात घ्यावयास हवे. रुग्णाच्या खाटेपाशी घेतलेली जुनी परीक्षा तरी न्याय्य होती काय? एकाच्या वाट्याला स्पष्ट लक्षणांचा, नीट बोलणारा रुग्ण येई. दुसऱ्याच्या वाट्याला बहिरे आजोबा येत. एक परीक्षक सौम्य, दुसरा जेवणाच्या वेळी रागावलेला. परीक्षेसाठी पुन्हापुन्हा बोलावले जाणारे रुग्ण तर इतके तयार झालेले असत की, घाबरलेल्या मुलाला तेच हळूच आपल्या रोगाचे नाव सांगत! एकाच विद्यार्थ्याला दोन परीक्षकांनी दिलेले गुण जुळत नाहीत असे आढळल्यावर अमेरिकेतील राष्ट्रीय परीक्षामंडळाने १९६० च्या दशकात ही पद्धत सोडली आणि पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांची कास धरली. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन ह्यांनी १९७५ साली मधला मार्ग दाखवला. सर्व विद्यार्थी ओळीने मांडलेल्या तीच ती ठाणी घेत जातात, प्रत्येक ठाण्यावर एक ठरावीक काम करतात, आणि गुण कशाला द्यावयाचे हे आधीच ठरलेले असते. ही पद्धत आपल्याकडेही आली आहे. परंतु हजारो-लाखो उमेदवारांची परीक्षा एका दिवसात घ्यावयाची म्हटले की पुन्हा पर्यायी प्रश्नांवाचून गत्यंतर राहत नाही.

म्हणजे निःपक्षपातीपणा हवा तर प्रश्नपत्रिका हवी, आणि डॉक्टर हवा तर वॉर्ड हवा. दोन्ही हवीत. मग विद्यार्थ्याने करावे काय? आमचे सांगणे एवढेच आहे की, वॉर्ड हा अभ्यासाच्या वेळातून वजा होणारा वेळ आहे, ही समजूत त्याने आधी टाकून द्यावी. ज्या रुग्णाला सकाळी पाहिले, त्याच्याच रोगाची पाने त्याच रात्री वाचावीत. ही एक सवय लागली तर निम्मे भांडण मिटते.

उदाहरण घेऊ. सकाळी एका खाटेवर छातीत पाणी झालेला, पंचेचाळिशीचा शेतमजूर आहे. तीन आठवडे बारीक ताप, एका बाजूला दुखते, दम लागतो. विद्यार्थी त्याच्या पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकतो. वर पोकळ आवाज येतो आणि खाली एकदम दगडावर ठोकल्यासारखा बद्द. ही ठोकण्याची विद्या व्हिएन्नातील औएनब्रुगर ह्यांनी १७६१ साली प्रसिद्ध केली. ते खाणावळवाल्याचे चिरंजीव. पिंपात मद्य कुठवर आहे हे ठोकून पाहण्याची रीत त्यांनी लहानपणी पाहिली होती, असे सांगतात. हा बद्द आवाज पुस्तकात दोन शब्दांत छापलेला असतो, पण बोटाला तो एकदा कळला की जन्मभर विसरत नाही.

त्या रात्री विद्यार्थ्याने तीनच प्रश्न घेऊन बसावे. हे पाणी का साठले? ते कशाचे, हे कसे ओळखावे? आणि उद्या ह्या माणसासाठी काय करावयाचे? पहिल्या प्रश्नाने क्षय, न्यूमोनिया, कर्करोग, हृदयाची दुर्बलता, यकृताचा विकार असे सगळे ओळीने समोर येतात. दुसऱ्याने तो प्रयोगशाळेत पोहोचतो. काढलेल्या पाण्यातील प्रथिने रक्तरसातील प्रथिनांच्या निम्म्याहून अधिक असतील तर पाणी दाहाने किंवा तशाच स्थानिक विकाराने साठले असण्याचा संभव अधिक. हा लाइट ह्यांच्या १९७२ च्या निकषांपैकी एक. तिसऱ्याने औषधे, त्यांच्या मात्रा आणि त्यांचे दुष्परिणाम. चार-पाच पानांचे हे वाचन, तासाभराचे काम. पण ह्या तासाभरात मेडिसिन आले, पॅथॉलॉजी आले, फार्माकॉलॉजीही आले. पुढे प्रश्नपत्रिकेत ‘४५ वर्षांचा पुरुष, तीन आठवडे ताप’ अशी ओळ दिसली की त्याला त्या खाटेवरचा माणूस आठवतो, आणि माणूस आठवला की उत्तरही आठवते.

वाचल्यावर पुस्तक मिटावे आणि आठवेल ते दहा ओळींत लिहावे. ही गोष्ट फार थोडे विद्यार्थी करतात. पुन्हापुन्हा वाचल्याने येते आहे असे वाटते, पण ते वाटणे फसवे असते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक उतारा विद्यार्थ्यांकडून दोनदा वाचवून घेतला, आणि दुसरा एकदाच वाचवून नंतर न पाहता लिहावयास लावला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचलेला उतारा अधिक लक्षात होता. आठवड्याने पाहिले तेव्हा उलटे झाले. आठवून लिहिलेला उतारा शेकडा ५६ लक्षात राहिला, नुसता वाचलेला ४२. आमच्या जुन्या पाठशाळांतून पाठ म्हणवून घेत, त्यात हेच शहाणपण होते.

ह्यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा की, वॉर्डात सगळे रोग दिसत नाहीत. एका महिन्यात डेंग्यूचे दहा रुग्ण दिसतील आणि थायरॉइडचा एकही नाही. ह्यासाठी विषयांची यादी वहीत लिहावी, पाहिलेल्या रोगापुढे खूण करावी, आणि खूण नसलेले विषय रविवारी पुस्तकातून आणि सरावाच्या प्रश्नांतून भरून काढावेत. प्रश्नसंचाची खरी जागा ही आहे. तो अभ्यासाचा आरंभ नव्हे. काय राहिले हे दाखवणारा तो आरसा आहे. दुसरा आक्षेप थकव्याचा. रात्रपाळी करून आलेल्या मुलाने पहाटेपर्यंत जागून वाचावे, असे सांगणारा शिक्षक त्याचा हितचिंतक नव्हे. झोपेत कापलेला तास स्मरणातूनही कापला जातो. अशा दिवशी अर्धे पान वाचावे आणि झोपावे. वॉर्डात तपासणीच्या अहवालाची वाट पाहताना जी दहा-दहा मिनिटे मोकळी सापडतात, ती मात्र वाया घालवू नयेत.

आणखी एक गोष्ट. रुग्ण हा अभ्यासाचे साधन नाही. परीक्षा जवळ आली की चांगली लक्षणे असलेल्या खाटेभोवती दहा-दहा मुलांची गर्दी होते, आणि तापाने फणफणलेल्या बाईला दहा वेळा कुशीवर वळावे लागते. ‘मावशी, तपासू का?’ असे आधी विचारावे, पडदा ओढावा, हात चोळून गरम करावेत, आणि निघताना पांघरूण सारखे करावे. मावशी नको म्हणाल्या तर मागे फिरावे. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांतील गरीब माणसांनी आजवर आपली शरीरे देऊन पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर शिकवले. त्यांचे हे ऋण कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदलेले नसते.

शेवटी, हे सारे ओझे एकट्या विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. इंटर्नने वर्षभर केलेल्या कामाला प्रवेशाच्या वेळी काही वजन मिळाले पाहिजे; आणि ते काम नुसत्या सहीने नव्हे, प्रत्यक्ष पाहून तपासले गेले पाहिजे. शिक्षकांनी राउंडमध्ये दोन मिनिटे थांबून ‘काल रात्री काय वाचलेस?’ एवढे विचारले पाहिजे. आणि आपण नागरिकांनी, घरातल्या मुलाला ‘किती गुण पडले?’ असे विचारण्याआधी ‘आज कोणाला तपासलेस? तो बरा आहे का?’ असे विचारले पाहिजे. ज्याला ह्या प्रश्नाचे उत्तर देता येते, त्याचे गुणांवाचून सहसा अडत नाही; आणि उद्या आपल्यापैकी कोणी त्याच्यासमोर आजारी होऊन पडला, तर त्याचेही अडणार नाही.