धायरीचं परसदार

हिवाळा सरत आला की शनिवारी पहाटे पुण्यातल्या धायरीच्या सोसायट्यांच्या फाटकांतून गाड्या बाहेर पडू लागतात. डिकीत चटया, चिवड्याचे डबे आणि वाळूचे किल्ले करायला मुलांच्या बादल्या. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा, बागमांडला, तिथून फेरीबोटीनं खाडी ओलांडून वेसवी आणि पुढे वेळास. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. आताचे पुणेकर तिथे जातात ते कासवांची पिल्लं पाहायला.

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं आणि भाऊ काटदरे यांनी 2002 साली वेळासला कासवसंवर्धनाचं काम सुरू केलं. त्याआधी ऑलिव्ह रिडले मादीनं वाळूत खड्डा करून घातलेली शंभरेक अंडी कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जात, नाहीतर माणसंच उकरून नेत. संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेतलं. रात्री किनाऱ्यावर फिरून घरटी शोधायची, अंडी अलगद उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरायची आणि पन्नास-पंचावन्न दिवस राखण करायची. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरू लागले. माजघरात पंगती बसल्या, सोलकढी-मोदकांवर चार पैसे गावाला मिळू लागले. अंडी उकरणारं गाव अंड्यांची राखण करणारं झालं. समुद्राचा आनंद आणि समुद्राची राखण एकाच घरात नांदू शकतात, हे वेळासनं करून दाखवलं.

धायरीकर तिथे शहाण्यासारखा वागतो, हे सांगायला हवं. दोरीच्या अलीकडे उभा राहतो, पिल्लू लाटेत शिरलं की टाळ्या वाजवतो, चॉकलेटचा कागद खिशात ठेवतो. मग दुखणं कुठे आहे? ते घरी आहे. धायरीत.

कोकणातलं जुनं घर डोळ्यांसमोर आणावं. पुढे ओटी, मागे परसदार. ओटी सारवलेली, पाहुणा आला की तिथे बसायचा. पण घरच्या बाईची खरी पारख परसात होते. भांडी घासलेलं, न्हाणीतलं पाणी पाटानं केळींना, अळूला, माडाला जातं. म्हणून त्या पाटात नको ते ती पडू देत नाही. केळ मरेल हे तिला दिसत असतं. धायरीकराचं घर फार मोठं आहे. त्याची ओटी वेळासला आहे आणि परसदार थेट आंध्रात, हंसलादीवीला. ओटी तो जपतो. परस त्यानं कधी पाहिलेलंच नाही.

हा पाट कसा जातो? धायरीच्या डोंगरउतारावरचं पाणी ओढ्यांनी मुठेत येतं. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीत. पुढे तीच पंढरपुरात चंद्रभागा होते, रायचूरकडे कृष्णेला मिळते आणि कृष्णा हंसलादीवीजवळ बंगालच्या उपसागराला. म्हणजे सह्याद्री ओलांडून ज्या समुद्रावर धायरीकर सुट्टीला जातो, त्या समुद्रात त्याचं पाणी जातच नाही. ते उलट्या दिशेनं, पूर्वेच्या समुद्राकडे जातं. हे पुन्हा सांगतो, कारण ऐकताना निसटतं: धायरीची सहल पश्चिमेला जाते आणि धायरीचा ओढा पूर्वेला. वाटेतल्या धरणांत बराच कचरा अडकतो, हे खरं. पण पुराचं पाणी दारं उघडून पुढे जातं, तेव्हा सगळंच मागे राहत नाही.

कुणी म्हणेल, पूर्वेच्या समुद्राचा आणि वेळासच्या कासवांचा काय संबंध? 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या परावर क्रमांकाची पट्टी बसवली होती. तीच मादी जानेवारी 2025 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरला अंडी घालताना सापडली. आणि 2023 साली गुहागरहून उपग्रह-यंत्र लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. परसदारातून ओटीवर आणि ओटीवरून परसदारात, कासवं अशी घरभर फिरतात. परसात तरंगणारी पिशवी जेलीफिश समजून जी गिळेल, ती ओटीवर परत येईलच असं नाही.

  

राज्यात 2018 पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरी मंडईतून येताना हातात पिशवी असतेच. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा कुणाच्याच लक्षात राहत नाही. पिशवी भंगारवाल्याकडे जाते, कोपरा मोरीतून, गॅलरीतून ओढ्यात. कोपरा पूर्ण न कापता पिशवीलाच लटकू दिला, तर एवढ्यानं काम होतं. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, निर्माल्याबरोबर सोडलेली पिशवी, सगळ्यांचा पाट एकच.

तेव्हा धायरीतल्या श्रोत्यांना एक विनंती आहे. या मे महिन्यात, पहिला पाऊस पडायच्या आधी, सोसायटीमागचा ओढा एकदा मुलांना घेऊन टोकापर्यंत चालून पाहा. वेळासला नेलेल्या त्याच बादल्या सोबत घ्या आणि भरून आणा.