आपली पोर भूलतज्ज्ञ का होऊ नये?

(संघाच्या वार्षिक सभेत उपजिल्हा रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञ ताईंनी केलेलं भाषण, थोडं कमी करून.)



मघाशी माझी ओळख करून देताना ताई म्हणाल्या, "या सुई देऊन झोपवणाऱ्या डॉक्टर." बरोबर आहे. पण झोपवणं हा आमच्या कामातला सोपा भाग. त्या झोपेत माणूस जिवंत ठेवायचा आणि वेळेवर उठवायचा, हे खरं काम. पूर्ण भूल दिली की पुष्कळदा श्वाससुद्धा आम्हीच नळीतून, मशीनवर देतो. सर्जन पोटात बघतात. आम्ही नाडी, बीपी, ऑक्सिजन, रक्त किती गेलं ते बघतो. ऑपरेशन संपेपर्यंत पेशंटच्या उशाशीच. पेढे मात्र सर्जनला मिळतात, असू दे.

सिझेरियनला बहुतेक वेळा मणक्यातून भूल देतो. बाई जागी असते, बाळाचं पहिलं रडणं तिला ऐकू येतं. आणि पुढे कधी कंबर दुखली की म्हणते, त्या सुईनं माझी कंबर गेली! हात वर करा बघू, किती जणी असं म्हणता? (बरेच हात वर, हशा.) ही सुई अगदी बारीक असते आणि मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली देतात. टोचलेली जागा थोडे दिवस दुखते. कुणाचं डोकं दुखतं, तर ते डॉक्टरांना लगेच सांगायचं. पण वर्षानुवर्षं कंबर दुखते ती सुईमुळे नाही. नॉर्मल बाळंतपण झालेल्या बायांचीही दुखतेच की. पोटातलं ओझं, सैल झालेले सांधे, वाकून दूध पाजणं आणि महिना भरायच्या आत उचललेला हंडा, ही कारणं बघा. सुईच्या भीतीनं ऑपरेशनला नाही म्हणू नका.

दुसरं, ऑपरेशनआधी काही खाल्लंय का विचारलं की खरं सांगा. "दोन घोट चहाच घेतला" असं म्हणून लपवू नका. दुधाचा चहा आमच्या हिशोबात खाण्यातच येतो, त्याला सहा तास जावे लागतात. भुलीत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जीव जाऊ शकतो. तंबाखू-मिश्री, बीपीची गोळी, हलणारा दात, सगळं सांगायचं. लाजायचं नाही.

आता ज्यासाठी मला बोलावलं ते. ऑपरेशन थिएटर आहे, बाळंतपणाचे डॉक्टर आहेत, पण भूलतज्ज्ञ नाही, म्हणून अडलेल्या बाईला रात्री 108 मध्ये घालून जिल्ह्याला पाठवलं. ही गोष्ट तुमच्यापैकी किती जणींच्या घरात झाली आहे, ते मी विचारत नाही. 2011 पासून सरकारी दवाखान्यात सिझेरियन मोफत आहे. पण भूल द्यायला माणूसच नसेल तर ते मोफत कागदावर राहतं. काही एमबीबीएस डॉक्टरांना भुलीचं खास प्रशिक्षण देतात, त्याचा उपयोग होतो, तरी पुरत नाही. शहरातली डॉक्टर तालुक्याला येईल याची वाट किती बघायची? आपलीच पोर का नको?

रस्ता लांब आहे, आधीच सांगते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. मग नीट परीक्षा. ती मराठीतूनही देता येते, पण कॉलेजचं शिक्षण इंग्रजीत असतं, म्हणून आठवीपासून इंग्रजी वाचायची सवय लावा. एमबीबीएस साडेचार वर्षं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. मग पुन्हा परीक्षा आणि भूलशास्त्रात एमडी, तीन वर्षं. म्हणजे साडेआठ वर्षं, शिवाय सरकारी सेवेचं बंधपत्र. ऐकून घाबरू नका. शेवटच्या चार वर्षांत विद्यावेतन मिळतं, तेव्हा पोर घरून पैसे मागत नाही.

पैशांचं म्हणाल तर सरकारी कॉलेजचा आग्रह धरा. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकार भरतं. पण ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेली तरच. "सीट मिळवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका, आणि मॅनेजमेंट कोट्यासाठी जमीन विकू नका. हे माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तरी चालेल. कागदांचं मात्र आजपासून बघा. जात पडताळणी अकरावीतच टाका. रहिवासी, उत्पन्न, नॉन क्रीमीलेयर हे सगळं ज्याला लागू आहे त्यानं सेतू केंद्रातून वेळेत काढा. हुशार पोरीची जागा एका दाखल्यापायी जाते, तेव्हा फार वाईट वाटतं.

आणि खरी गाडी अडते ती एमबीबीएसनंतर. "झाली ना डॉक्टर, आता लग्न करू." लग्न करा हो, पण पुढचं शिक्षण बैठकीतच ठरवून घ्या. नुसत्या एमबीबीएसला भूलतज्ज्ञ म्हणत नाहीत.

हे बाईचं काम नाही, असं कुणी म्हणालं तर हैदराबादच्या रूपाबाई फर्दुनजींचं नाव सांगा. 1880 च्या दशकाच्या शेवटी तिथे क्लोरोफॉर्म किती सुरक्षित आहे याचे मोठे प्रयोग झाले, त्या काळात त्या पेशंटला क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतात. तेव्हा आपला मराठवाडाही निजामाच्याच राज्यात होता, म्हणजे परक्या मुलखातली गोष्ट नाही.

नीट नाही जमली तर? सगळ्यांची जमत नाही. बारावी सायन्सनंतर ऑपरेशन थिएटर आणि भुलीच्या टेक्निशियनचे कोर्स आहेत. आमचं मशीन तपासून देणारा, औषधं भरून हातात देणारा हा माणूस नसेल तर आमचंही चालत नाही. नर्सिंग आहेच.

ज्यांच्या मुली नववी ते बारावीत आहेत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. मी चारपर्यंत आहे, नंतर ड्युटी आहे. मुलगी बरोबर असेल तर प्रश्न तिला विचारू द्या. आयांनी जरा मागे बसायचं.